वाचकांचे बांधकाम-प्रश्न : भेग सांध्यातच का पडते?

एएसी ब्लॉक (वाफेत पिकवलेले हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे), रेडीमिक्स (प्लांटमधून तयार येणारे) काँक्रीट, ॲल्युमिनियमचे फॉर्मवर्क (काँक्रीट ओतण्याचे साचे) या गोष्टी नाशिकच्या साइटवर आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. या खेपेच्या पत्रांचा सूर मात्र एकच आहे: नवे साहित्य आणले, जास्तीचे पैसे मोजले, तरी काम बिघडले. पत्रांतले तपशील पाहिले की बिघाड बहुतेक वेळा दोन कारागिरांच्या कामांच्या मधल्या जागेत सापडतो. ती जागा कोणाची, हे कोणी ठरवलेलेच नसते. म्हणून उत्तरांत साहित्याइतकेच ‘हे कोणी, कधी करायचे’ यावरही लिहिले आहे.

प्रश्न : दुमजली घराच्या भिंती एएसी ब्लॉकच्या केल्या. गिलाव्याला सहा महिने होत नाहीत तोच बीमखाली आडव्या, कॉलमशेजारी उभ्या आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांत तिरक्या भेगा आल्या. ठेकेदार म्हणतो ब्लॉक खराब, ब्लॉकवाला म्हणतो गवंड्याला काम येत नाही. खरे काय, आणि आता करायचे काय?
— घरमालक, पाथर्डी फाटा

तुम्ही लिहिलेल्या तिन्ही भेगांची कारणे वेगळी आहेत, म्हणून एका माणसावर बोट ठेवून उत्तर मिळणार नाही.

आधी ब्लॉकचा स्वभाव समजून घ्या. हा ब्लॉक सुमारे १९० अंश तापमानाच्या वाफेत, दाबाखाली शिजवलेला असतो. ऑटोक्लेव्हमधून निघतो तेव्हा तो चांगलाच ओला असतो आणि वाळताना आकसतो. आय.एस. (भारतीय मानक) २१८५ भाग ३ प्रमाणे पहिल्या प्रतीच्या ब्लॉकला ०.०५ टक्क्यापर्यंत आकसण्याची मुभा आहे. ४ मीटर लांब भिंतीत हे २ मिलिमीटर भरते, आणि २ मिलिमीटरची भेग डोळ्यांत भरतेच. हे आकसणे भिंतीत बसवण्याआधी होऊन गेले तर त्रास नाही. गिलाव्याच्या आत झाले तर भेग ठरलेली. पारख सोपी आहे. ६०० × २०० × १५० मिलिमीटरचा ब्लॉक काट्यावर ठेवा. घनता घनमीटरला ६०० किलो धरली तर कोरडा ब्लॉक पावणेअकरा किलोच्या आसपास भरतो. काटा चौदा किलो दाखवत असेल तर त्यात तीन किलो पाणी आहे. असा माल दोन-तीन आठवडे आडोशाला, फळ्यांवर रचून वाळू द्यायचा. फेसाळ काँक्रीटचे, नुसत्या पाण्यावर पिकवलेले ब्लॉकही बाजारात असतात. दिसायला सारखेच, पण जास्त आकसतात. पावतीवर ‘ऑटोक्लेव्ह्ड’ आणि घनतेची प्रत लिहून घेतलेली असावी.

दुसरी गोष्ट विटांच्या सवयीची. वीट टाकीत भिजवून लावायची हे गवंड्याच्या हातात बसलेले असते, आणि विटेसाठी ते बरोबरही आहे. एएसी ब्लॉक तसा भिजवला की वर सांगितलेला सगळा फायदा पाण्यात गेला. याला फक्त ओल्या ब्रशचा एक हात पुरतो. जोडायला ३ मिलिमीटर जाडीचा ॲडहेसिव्ह चांगला. सिमेंटचा माल वापरायचाच तर १:६ आणि सांधा १० मिलिमीटरपेक्षा जाड नको. मालात सिमेंट वाढवले की सांधा ब्लॉकपेक्षा कडक होतो आणि ताण आला की ब्लॉकच तडकतो.

आता तुमच्या भेगा.

बीमखालची आडवी भेग येते कारण शेवटचा थर भिंत चढल्या दिवशीच बीमला भिडवला. भिंत आकसून खाली बसते, बीम जागेवर राहतो. तिथे १५ ते २० मिलिमीटर फट ठेवून ती किमान दोन आठवड्यांनी, शक्यतो वरचा मजला चढल्यानंतर, लवचीक भरावाने बुजवायची असते. मजले अनेक असतील तर भरत यायचे वरून खाली.

कॉलमशेजारची उभी भेग म्हणजे ब्लॉक आणि काँक्रीट यांची गाठ बांधलेली नाही. दर ६०० मिलिमीटर उंचीला कॉलममधून सळईचे तुकडे किंवा पट्ट्या ब्लॉकच्या सांध्यात यायला हव्यात आणि गिलाव्याआधी दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर जाईल अशी जाळी. सळई सोडायची फिटरने (सळया बांधणाऱ्याने), कॉलम भरण्याआधी. ती वापरायची गवंड्याने, महिनाभराने. फिटरला कोणी सांगितले नाही, गवंड्याला सळई दिसली नाही, आणि दोघांचेही काम आपापल्या परीने पूर्ण झाले.

खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी भेग लिंटल (खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी) भिंतीत पुरेसा न शिरल्याने आणि खिडकीखाली काँक्रीटची पट्टी नसल्याने येते. लिंटल दोन्हीकडे किमान २०० मिलिमीटर आत जावा. खिडकीच्या तळाच्या पातळीवर १०० मिलिमीटर जाडीची, ८ मिलिमीटरच्या दोन सळयांची पट्टी भिंतभर फिरवली तर ही भेग सहसा दिसत नाही.

दुरुस्तीची घाई करू नका. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. एक उन्हाळा जाऊ द्या. रेघेपुढे भेग सरकली नसेल तर ती थांबली. मग कटरने ८ ते १० मिलिमीटर रुंद चर पाडा, धूळ ब्रशने काढा, पॉलिमरयुक्त माल दोन थरांत भरा, वर ३०० मिलिमीटर रुंदीची फायबरची जाळी बसवून पातळ हात द्या आणि सात दिवस ओलावा ठेवा. नुसती पुट्टी भरली तर पुढच्या उन्हाळ्यात भेग त्याच जागी उघडेल. भेग ३ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, किंवा कॉलम-बीमच्या काँक्रीटमध्येच शिरलेली असेल, तर गवंड्याच्या आधी आरसीसी सल्लागाराला (इमारतीच्या सांगाड्याचा हिशेब करणाऱ्या अभियंत्याला) बोलवा.

प्रश्न : मखमलाबादला दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे. वर काळी माती, खाली मुरूम लागतो असे शेजारी सांगतात. मजूर-ठेकेदार म्हणतो पाच फूट खोदले की झाले, माती तपासणी कशाला? तळमजला आणि वर एक मजला बांधायचा आहे.
— वाचक, मखमलाबाद

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेली प्रत्येक वस्तू वर्षातून दोनदा हलते. शेजाऱ्याच्या प्लॉटवर मुरूम पाच फुटांवर असेल आणि तुमच्याकडे आठ फुटांवर, असे या भागात सहज होते, कारण खालच्या बेसाल्टची पाठ सपाट नाही. जुने नाले, बांध मातीखाली गाडले गेलेले असतात. म्हणून फूट मोजून पाया ठरवू नका, थर पाहून ठरवा.

दोन गुंठ्यांत तीन खड्डे पुरेत: समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत आणि मधे. कुदळ उडेल असा कडक मुरूम लागेपर्यंत खोदा आणि प्रत्येक थराची खोली लिहून ठेवा. काळ्या मातीची फुगण्याची चाचणी प्रयोगशाळेत स्वस्तात होते. तिची रीतही समजून घेण्यासारखी आहे: ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली १० ग्रॅम कोरडी माती एका मोजनळीत पाण्यात, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये टाकायची आणि २४ तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती १८ मिलिलिटर आणि रॉकेलमधली १० मिलिलिटर झाली तर फुगवटा ८० टक्के. ५० च्या आत असेल तर फारशी काळजी नाही, १०० च्या वर गेला तर माती फार खोडकर समजा.

पाया कडक मुरमात किमान ३०० मिलिमीटर शिरलेला हवा. खोदाई संपली की खालचे कच्चे काँक्रीट ओतण्याआधी आरसीसी सल्लागाराने प्रत्येक खड्डा स्वतः उतरून पाहायचा. या भेटीसाठी त्याच्याशी आधीच बोलून ठेवा, तिचे वेगळे पैसे द्या आणि करारात ‘खड्डे पाहिल्याशिवाय काँक्रीट नाही’ हे वाक्य घाला. आमच्या मते संपूर्ण घरात याहून मोलाचा अर्धा तास नाही. सल्लागार ऑफिसात बसून काढतो तो आराखडा अंदाजाच्या मुरमावर असतो. खरा मुरूम फक्त खड्ड्यात दिसतो.

काळी माती साडेतीन मीटरच्या खालीही संपत नसेल तर उघडा पाया परवडत नाही. तिथे तळाशी फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल करतात. फुग्याचा व्यास साधारण खांबाच्या अडीच पट असतो, आणि माती फुगली तरी तो पाइलला वर उचलू देत नाही. नाशिक शहराच्या बहुतेक भागांत ती वेळ येत नाही.

आता जिथे हमखास चूक होते ते. पाया भरल्यावर बाहेर पडलेली काळी माती ठेकेदार जोत्यात परत ढकलतो, कारण ती उचलून न्यायला ट्रॅक्टरचे भाडे पडते. पाया मुरमावर नीट बसला तरी पुढच्या पावसाळ्यात फरशी वर येते आणि आतल्या भिंती तडकतात. जोत्यातली काळी माती पूर्ण काढून मुरूम १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून भरायचा. जोत्याचा बीम मातीवर टेकवू नका; खाली ७५ ते १०० मिलिमीटर पोकळी ठेवा म्हणजे फुगलेल्या मातीला जागा मिळेल. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा मीटरभर थर दिला की खालचा फुगवटा दबतो, हे मुंबई आयआयटीतील प्रा. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आले. कालव्यांच्या कामांत ती पद्धत रुळली, मोठ्या आवारातले रस्ते आणि फरश्या यांनाही ती लागू पडते.

घराभोवती बाहेरच्या बाजूने उतार असलेला मीटर-दीड मीटर रुंदीचा कोबा हवा. बागेच्या पाण्याचा नळ आणि शोषखड्डा पायापासून लांब ठेवा. कंपाउंडच्या भिंतीचाही पाया मुरमापर्यंत न्या. पैसे वाचवायला ती काळ्या मातीवर उभी केली तर सगळ्यात आधी तीच वाकते.

प्रश्न : मी छोटा बांधकाम व्यावसायिक आहे. पाच मजली इमारत चालू आहे. प्रत्येक स्लॅबनंतर प्लंबर येतो आणि स्लॅब, कधी बीमसुद्धा कोअर कटरने (गोल भोक पाडणाऱ्या यंत्राने) कापतो. आर्किटेक्ट, आरसीसीवाले, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांची एकत्र बैठक घ्या असे सगळे सांगतात. पण बैठकीत नक्की करायचे काय? आणि ते बीआयएम सॉफ्टवेअर आमच्यासारख्यांना परवडेल का?
— व्यावसायिक, गंगापूर रोड

प्लंबर का कापतो इथून सुरुवात करू. त्याचा दर पॉइंटवर, म्हणजे प्रत्येक नळजोडावर असतो. स्लॅब भरण्याआधी येऊन स्लीव्ह (नळीसाठी जागा राखणारा पाइपचा तुकडा) लावायचे त्याला काहीच मिळत नाही, उलट दुसऱ्या साइटचा दिवस बुडतो. भोक पाडायचे काम नंतर आले तर ते बिलात लागते. दर असा असेल तोपर्यंत कितीही बैठका घ्या, स्लॅबच्या दिवशी प्लंबर दिसणार नाही. त्याच्या कामाच्या आदेशात ‘प्रत्येक स्लॅबआधी स्लीव्ह बसवणे, स्लॅब भरताना हजर राहणे’ हा स्वतंत्र बाब-दर टाका आणि ‘लेखी परवानगीशिवाय कोअर कापल्यास दुरुस्ती त्याच्या खर्चाने’ हेही. इलेक्ट्रिशियनचे तसेच.

बैठक स्लॅबच्या आठ-दहा दिवस आधी, साइटवरच, पाऊण तासाची. आर्किटेक्टच्या ऑफिसमधून कोणीतरी, आरसीसी सल्लागाराचा माणूस, साइट इंजिनिअर, सेंट्रिंगचा मिस्त्री, फिटर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन. मधे एकच मोठा कागद: त्यावर बीम-स्लॅबचा आराखडा, आणि त्याच्यावर वेगवेगळ्या रंगांत पाण्याच्या, सांडपाण्याच्या व विजेच्या नळ्या. ही बैठक चर्चेसाठी नाही, कागदावर खुणा करण्यासाठी आहे. विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत.

उभ्या नळ्या कुठून जातात आणि तिथे बीम येतो का? ११० मिलिमीटरच्या नळीला १५० मिलिमीटरची स्लीव्ह लागते. ती बीमच्या कडेला घासून बसत असेल तर आत्ताच डक्ट सरकवा. आडवी नळी बीममधून न्यावीच लागत असेल तर जागा व व्यास सल्लागाराने आराखड्यावर लिहून सही करायची. साधारणपणे ती बीमच्या उंचीच्या मध्यावर, आधारापासून दूर असते, आणि भोकाभोवती जास्तीच्या रिंगा (मुख्य सळयांना वेढणाऱ्या कड्या) येतात. कॉलममधून पावसाची नळी नेऊ नका. ती कधी गळायला लागली हे कळेपर्यंत सळई गंजलेली असते.

बाथरूमचा स्लॅब किती खाली? कमोड भिंतीतून बाहेर काढणारा आहे की जमिनीतून, यावर ते ठरते. नळ्या स्लॅबवरच्या भरावातून न्यायच्या असतील तर २०० ते ३०० मिलिमीटर लागतात. कमोडचा प्रकार ठरला नसेल तर स्लॅब थांबवा. नंतर ठरवले की एक तर नहाणी ट्रॅपला उतार मिळत नाही, नाही तर बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा वर येते.

विजेच्या नळ्या कोणत्या वाटेने? त्या खालच्या आणि वरच्या सळयांच्या मधे राहायच्या. पाच-सहा नळ्यांची जुडी बांधून एकाच रेषेत नेली की १२५ मिलिमीटरचा स्लॅब तिथे पोकळ होतो आणि त्याच रेषेत भेग येते. नळ्यांमध्ये तीन-चार बोटांचे अंतर हवे, कॉलमच्या डोक्याजवळ गर्दी नको.

गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरची नळी, एसीच्या तांब्याच्या नळ्या आणि त्यांचे निचऱ्याचे पाणी, लिफ्टच्या खोलीचे हुक, हे हमखास विसरले जातात. नाशिकमध्ये गच्ची-गच्चीवर सोलर असतो, तरी त्याच्या गरम पाण्याच्या नळीला जागा ठेवलेली इमारत विरळाच.

स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी सळयांवर टेप पसरून प्रत्येक खोलीचे फोटो घ्या, टेपवरचे आकडे वाचता येतील असे. पुढे पंखा किंवा फॉल्स सीलिंगसाठी ड्रिल मारताना हे फोटो सोन्याच्या मोलाचे ठरतात. फ्लॅटधारकालाही त्याच्या फ्लॅटचे फोटो द्या.

आता बीआयएम. संगणकावर इमारतीचे त्रिमितीय प्रारूप करून त्यात बीम, नळ्या, वाहिन्या सगळे एकत्र टाकायचे आणि कोण कोणाला धडकते ते आधीच पाहायचे, हा त्याचा गाभा. रुग्णालय, मोठे व्यापारी संकुल किंवा कारखाना असेल तर ते घ्याच. पाच मजल्यांच्या, सगळे मजले सारखे असलेल्या इमारतीत एका मजल्याचे प्रारूप बाहेरून करून घेतले तरी पुरते, आणि रंगांच्या कागदावरही बहुतेक धडका सापडतात. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी एक शिस्त लावा: प्रत्येक आराखड्यावर सुधारणा क्रमांक आणि तारीख. व्हॉट्सॲपवर चार सुधारणा फिरत असतात. फिटरच्या फोनमध्ये दुसरी उघडी असते आणि आर्किटेक्ट पाचवीबद्दल बोलत असतो. साइटवर फळ्यावर चालू क्रमांक लिहा, जुना कागद फाडून टाका. फोनवर तोंडी बदल सांगितला तर त्याच दिवशी लेखी मागा. येईपर्यंत ते काम थांबवा.

रिंगांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण लिहायला हवे. आय.एस. १८९३ च्या २०१६ च्या नकाशात नाशिक भूकंप विभाग तीनमध्ये आहे. त्यामुळे रिंगांचे हुक १३५ अंशांत आत वळलेले आणि वळणानंतर किमान ६५ मिलिमीटर लांब हवेत. कॉलम-बीमच्या सांध्याजवळ रिंगा दाट, साधारण १०० मिलिमीटरवर. फिटर ९० अंशांत सोडतो, कारण तसे लवकर होते. हे बैठकीत त्याच्या हातात एक बरोबर वळवलेली रिंग देऊन दाखवा.

प्रश्न : रेडीमिक्स मागवले. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेले, गाडी अडकून दीड-पावणेदोन तासांनी आली. माल घट्ट झाला होता म्हणून पंपवाल्याने पाणी मारले. स्लॅब चांगला होईल ना?
— वाचक, इंदिरानगर

आय.एस. ४९२६ प्रमाणे माल भरल्यापासून दोन तासांत काँक्रीट पोचले पाहिजे. रिटार्डर (घट्ट होणे लांबवणारे द्रव्य) घातलेला असेल तर त्याहून जास्त वेळ मान्य करता येतो. म्हणजे उशीर अजून मर्यादेत होता, चूक पाण्याची झाली. हिशेब करून पाहा. एम-२५ प्रतीच्या काँक्रीटच्या घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि १५७ लिटर पाणी धरले तर पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५. सहा घनमीटरच्या गाडीत १०० लिटर पाणी सोडले की ते ०.५० होते आणि २८ दिवसांची ताकद साधारण दहावा हिस्सा उतरते. शिवाय स्लॅबच्या पृष्ठभागावर पाणी चढून बारीक भेगा येतात. माल घट्ट आला तर प्लांटच्या माणसाने आणलेले सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारे द्रव्य) मोजून घालायचे आणि ड्रम काही मिनिटे जोरात फिरवायचा. ते द्रव्य गाडीसोबत पाठवायला ऑर्डर देतानाच सांगा. चलनावरची भरल्याची वेळ आणि साइटवर आल्याची वेळ, दोन्ही लिहून ठेवा. प्लांटला रस्त्याची स्थिती आदल्या दिवशी कळवली तर ते मिश्रणच त्या वेळेच्या हिशेबाने करतात; हे कोणी कळवत नाही.

तुमच्या स्लॅबचे उत्तर क्यूब (त्याच काँक्रीटचे चाचणीसाठी भरलेले ठोकळे) देतील. २० घनमीटर काँक्रीटला तीन नमुने, म्हणजे २८ दिवसांसाठी नऊ क्यूब लागतात. क्यूब घेतले कधी हे विचारा. पाणी मारण्याआधी घेतले असतील तर ते तुमच्या स्लॅबचे नाहीत. अशा वेळी २८ दिवसांनी रिबाउंड हॅमरने (न तोडता पृष्ठभागाचा कडकपणा मोजणाऱ्या हातोडीने) स्लॅब तपासा. त्या भागात आकडे उरलेल्या स्लॅबपेक्षा बरेच कमी आले तर सल्लागाराच्या देखरेखीखाली कोअर (काँक्रीटचा कापून काढलेला गोल तुकडा) काढून चाचणी करा. तोवर त्या भागाखालचे टेकू हलवू नका आणि वर विटा, वाळू रचू नका.

प्रश्न : डिसेंबरात स्लॅब भरला. सेंट्रिंगवाला सातव्या दिवशी प्लेटा (स्लॅबखालचा साचा) मागतो आहे, दुसऱ्या साइटला लागतात म्हणून. द्याव्यात का?
— वाचक, निफाड

नको. आय.एस. ४५६ मधली स्लॅबखालची मुदत अशी आहे: ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. बीम ६ मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. पण ही मुदत साध्या ओपीसी सिमेंटची आणि १५ अंशांच्या खाली न जाणाऱ्या हवेची आहे. तुम्ही बहुधा पीपीसी (राख मिसळलेले, सावकाश ताकद धरणारे सिमेंट) वापरले असेल, आणि निफाडात ज्या रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या रात्री पारा त्याच्या बराच खाली असतो. थंडीत सिमेंटची क्रिया मंदावते, थांबत नाही. म्हणून दिवस वाढवा. गाळा ४.५ मीटरच्या आत असला तरी १४ दिवस, बीमखाली २१ दिवस धरा.

दोन क्यूब प्रयोगशाळेत न पाठवता स्लॅबवरच, त्याच थंडीत ठेवा. तेच खरी ताकद सांगतात. पुढचा स्लॅब सकाळी लवकर भरून दुपारपर्यंत संपवा, म्हणजे पहिली ऊब त्याला मिळेल. रात्री वर गोणपाट आणि प्लास्टिक. पीपीसीला पाणी किमान १० दिवस. सेंट्रिंगचा करार दिवसांवर करा. पैसे वाचावेत म्हणून प्लेटा लवकर निघतात, तेव्हा जास्तीच्या दिवसांचे भाडे मालकाने देणे हेच सरळ.

प्रश्न : आडगाव भागात ॲल्युमिनियम फॉर्मवर्कच्या इमारतीत फ्लॅट बघतो आहे. सगळ्या भिंती काँक्रीटच्या. चांगले की वाईट?
— फ्लॅट घेऊ इच्छिणारे वाचक

बांधकाम म्हणून चांगले. भिंती व स्लॅब एकाच वेळी ओतले जातात, त्यामुळे कोन काटकोनात येतात आणि वीट-काँक्रीटच्या सांध्याच्या भेगा राहतच नाहीत. पण पुढे भिंत पाडून हॉल मोठा करता येणार नाही, आणि नवा पॉइंट काढायला भिंत खोदता येणार नाही. विजेचे पॉइंट, एसीची जागा, किचनमधल्या फिल्टरची नळी आत्ताच आराखड्यावर पाहून घ्या. पश्चिमेची काँक्रीटची भिंत उन्हाळ्यात एएसीच्या भिंतीपेक्षा जास्त तापते.

बघायला जाल तेव्हा बाहेरच्या भिंतीवर ओळीने दिसणारी भोके शोधा. फॉर्म बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांची ती जागा. ती न आकसणाऱ्या ग्राउटने बाहेरून भरली नसतील तर पावसाळ्यात ओल तिथूनच येते. भरतो कोण, फॉर्मवाला की रंगवाला, हे बिल्डरच्या इंजिनिअरला विचारा. त्याच्याकडे नाव नसेल तर बहुधा काम झालेलेच नाही. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत रचनेतला किंवा कारागिरीतला दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, असे रेरा कायद्याचे कलम १४ सांगते. ओल दिसली की फोटोसह लेखी कळवा.

प्रश्न : एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या राखेची वीट घ्यावी का?
— वाचक, सिन्नर फाटा

घ्यावी. पण भट्टी नसल्याने तिची सारी ताकद पाण्यावर पिकण्यात आहे, आणि मागणी वाढली की कच्चीच गाडीत भरली जाते. पाच विटा २४ तास बुडवून वजन करा; कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी प्याली तर माल परत. नखाने कड उकरली जात असेल तरी परत.

प्रश्न : स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी नवे तंत्र हवे आहे. थ्रीडी प्रिंटिंग घेऊ का?
— विद्यार्थी, पंचवटी

वाचून घ्या जरूर. बंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमधले टपाल कार्यालय २०२३ मध्ये थ्रीडी प्रिंटिंगने झाले. एल अँड टीने बांधले, मार्गदर्शन मद्रास आयआयटीचे. केंद्राच्या लाइटहाउस प्रकल्पांत इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ येथे सहा वेगळी तंत्रे वापरली. इंदूर सहलीच्या अंतरावर आहे, तिथले सँडविच पॅनेलचे सांधे जवळून पाहा. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घातलेल्या सिमेंटला २०२३ मध्ये आय.एस. १८१८९ हे मानक मिळाले. त्यावर काम करण्यासारखे खूप आहे.

पण प्रिंटर तुमच्या महाविद्यालयात नसेल तर प्रकल्प कागदावरच राहील. त्यापेक्षा मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी भागांत जिथे पायाची खोदाई चालू आहे तिथल्या ठेकेदारांशी बोला. प्रत्येक खड्ड्यातून काळ्या मातीची पिशवीभर माती, मुरमाची खोली आणि प्लॉटचे स्थान घ्या. वर दिलेली मोजनळीची चाचणी करा. पन्नास खड्डे झाले की नकाशावर मांडा आणि त्याची प्रत त्या ठेकेदारांना आणि त्यांच्या आरसीसी सल्लागारांना द्या. खोदाई पावसाआधी संपते, तेव्हा नमुने मार्च ते मे दरम्यान गोळा करा. माती सुकवायला उन्हही तेव्हाच असते.